शालनआक्काचं ‘परत कवा?’

“पाव्हणं, ह्यातलं एक बी तुमचं न्हाय,” शालनआक्का म्हणाली आणि माझ्या पाकिटातली तिन्ही क्रेडिट कार्डं पत्ते पिसावेत तशी पिसून तिनं माझ्या हातात परत ठेवली.

खरं तर मी ती कौतुकानं दाखवायला काढली होती. एकावर विमानाचं चित्र होतं. एक सोनेरी होतं. तिसरं कशासाठी घेतलं ते आता आठवत नव्हतं, पण त्याच्याबरोबर प्रवासाची बॅग फुकट मिळाली होती. विमानात मी आयुष्यात एकदाच बसलो, तेही बेळगावच्याच सांबऱ्याच्या विमानतळावरून आणि ऑफिसच्या खर्चानं. पण पाकीट उघडलं की विमान दिसायचं आणि उगाच बरं वाटायचं.

“माझं नाव छापलंय की त्यावर,” मी म्हणालो.

“नाव माझ्या पातेल्यावर बी हाय. पण पातेलं माझं हाय. हितं नाव तुमचं आणि पैसा त्येंचा. घेतलासा ते घेतलासा. परत कवा?”

‘परत कवा?’ हा शालनआक्काचा प्रश्न. माणूस कुठलाही असो, प्रसंग कुठलाही असो, तो तिच्या तोंडून आल्याशिवाय राहायचा नाही. ती माझ्या बायकोची थोरली बहीण. माहेर गुंजीचं, दिलेली निपाणीला. आमचे साडू लग्नाकार्याला भांडी भाड्यानं द्यायचे. म्हणजे पाटी त्यांच्या नावाची होती. गिऱ्हाइकाशी बोलणं, भांडी मोजून देणं, मोजून घेणं आणि पोचा आला असेल तर भांडण काढणं, हे सगळं आक्का करायची. साडू स्वभावानं इतके भिडस्त की कुणी चाळीस ताटं नेऊन अडतीस आणली तर हेच म्हणायचे, “असू दे, माझीच मोजायला चूक झाली असंल.”

आक्का बुटकी, खांद्यानं रुंद. चष्म्याला दोरी बांधलेली. हातात पुरुषी घड्याळ. परत आलेलं भांडं ती आधी बघायची नाही, बोटाचं पेर मारून ऐकायची. आवाज बद्द आला की मग चष्मा वर. बी.कॉम. झालेली होती, पण ते लग्नपत्रिकेत एकदा छापलं तेवढंच. आमच्या घरून गेलेला डबा तिच्याकडे दुसरा दिवस बघायचा नाही. निपाणीहून बेळगावला येणाऱ्या कुणाच्या तरी हातात तो परत यायचा, आणि रिकामा कधीच नाही. कधी कढीलिंब, कधी भाजके शेंगदाणे, आणि एकदा तर दुसरं काही सापडलं नाही म्हणून नुसती चार लिंबं. तिनं दुसऱ्याला सोडलं नाही, तसं स्वतःलाही कधी सोडलं नाही. म्हणून तिचा राग यायचा नाही. निदान लगेच यायचा नाही.

एका लग्नात मी स्वतः पाहिलं. पाठवणी चाललेली. मुलगी गाडीत बसली, मुलीची आई खांबाला धरून रडतेय, बाप तोंड फिरवून उभा. आक्काही रडत होती, अगदी खरं रडत होती, पदर डोळ्याला. तशीच ती बापाजवळ गेली आणि म्हणाली, “दादा, पोरगी गेली, काळीज तुटतंय बगा. दोन पराती न्हाय आल्या. परत कवा?”

त्या बिचाऱ्यानं रडतारडता “उद्या सकाळी” असं वचन दिलं. आणि पराती खरंच सकाळी आल्या. तशा वेळी दिलेला शब्द माणूस मोडत नाही, हे तिला ठाऊक होतं.

साडू गेले ते अचानक. तेराव्याची पंगत उठली आणि तिची भांडी अजून घासून व्हायची होती. भांडी आक्काचीच. मागच्या दारी बायका घासताहेत, त्या आवाजातच पुढच्या सोप्यात अण्णांनी विषय काढला. अण्णा म्हणजे आक्काचे थोरले दीर. एकच घर, पुढची बाजू अण्णांची, मागची आक्काची आणि सासूबाईंची. माणूस वाईट नव्हता. फक्त गावातल्या प्रत्येक गोष्टीचं काय करायला हवं, हे त्यांना त्या-त्या माणसाच्या आधी कळायचं.

“शालन,” अण्णा म्हणाले, “आता हा भांड्यांचा पसारा तुला झेपायचा न्हाय. गोदाम मोकळं करू. तंबाखूवाले तोंडातनं शब्द पडायची वाट बघाय लागल्यात. भाडं येतंय त्यातलं तुला महिन्याच्या महिन्याला देतो.”

“मला देतासा?” आक्का म्हणाली. “मी काय तुमच्याकडं कामाला हाय व्हय?”

गोदाम सासूबाईंच्या नावावर आणि त्याची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी कमरेची किल्ली चाचपली आणि म्हणाल्या, “पुढची लगीनसराई सरूस्तवर करू दे तिला.”

“करू दे की!” अण्णांनी मान्य केलं, आणि लगेच अट घातली. “पण धंदा हिच्या जिवावर. कर्ज काढून न्हाय. हिच्या डोक्यावर एक रुपयाचं व्याज चढलं, की त्या दिवशी किल्ली माझ्याकडं. हाय कबूल?”

“कबूल,” आक्का म्हणाली. “आणि न्हाय चढलं, तर ह्यो विषय ह्या घरात पुन्यांदा काढायचा न्हाय. ह्ये तुमाला कबूल?”

चारचौघांसमोर नाही कसं म्हणणार? अण्णांनी मान डोलावली. मी शेजारीच बसलो होतो. मला वाटलं होतं, आता आक्का रडेल आणि बायको मला तिला समजवायला सांगेल, म्हणून मी दोन-तीन वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. ती वाक्यं अजून तशीच आहेत, कुणाला हवी असतील तर.

भांड्यांच्या धंद्यात पैसा पुढे घालावा लागतो आणि मागून येतो. लग्नसराई लागायच्या आधी नवी भांडी घ्यायची, कल्हई-डागडुजी करायची, आणि भाडं लग्नं उरकल्यावर मिळणार. साडूंच्या वेळी दुकानदार उधार द्यायचे. ते गेल्यावर तेच दुकानदार तोंडभर “आक्का, आक्का” करत रोख मागायला लागले. आक्का बँकेत गेली. तिथं म्हणाले, जामीनदार आणा, घरातले कुणी पुरुष माणूस, तुमच्या दिरांची सही चालेल. ती तिथून तडक बेळगावला आमच्या घरी आली, पाणीसुद्धा न घेता सोप्यात बसली.

“अण्णाची सही मागत्यात! मी म्हटलं, नवरा गेलाय माझा, हात न्हाय गेला. सही मला बी येतीय.”

“मग काय म्हणाले?”

“म्हणत्यात, नियम हाय. मी बी म्हटलं, असू दे. तुमच्या नियमात बसून तुमचाच पैसा फुकट वापरून दाखवते का न्हाय बगा.”

साडूंच्या विम्याचे पैसे तिनं बँकेत मुदत ठेवीत ठेवले होते. त्या ठेवीवर क्रेडिट कार्ड मिळतं, जामीन लागत नाही, हे तिनं कुठून तरी शोधून काढलं होतं. दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन ती शहरातल्या बँकेत गेली. मला का, तर म्हणे कार्डांचा अनुभव मला आहे. अनुभव होता, हे खरंच. पोहता न येणाऱ्याला बुडण्याचा असतो, तसा.

टेबलापलीकडे एक तरुण मुलगी होती, हुक्केरीकडची, मराठी बोलता-बोलता कानडीत जायची. आक्का कानडीत तिच्या पुढे. खुर्ची ओढली आणि पहिलाच प्रश्न, “बड्डी एष्टु?” व्याज किती?

मुलगी हसून म्हणाली, “मॅडम, व्याज नाहीच. पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी.”

“‘पर्यंत’ म्हणजे? सगळ्यास्नी पन्नास?”

मग सगळं बाहेर आलं. बिल निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी खरेदी केली, तर पन्नासच्या आसपास दिवस मिळतात. बिल निघायच्या आदल्या दिवशी केली तर जेमतेम वीस. म्हणजे फुकटचे दिवस सगळ्यांना सारखे नाहीत. ते खरेदी कधी केली त्यावर आहेत. ही गोष्ट तीन कार्डं बाळगून मला त्या दिवशी कळली. मी मान मात्र अशी हलवत होतो, की मीच त्या मुलीला शिकवलंय.

आक्का थांबेचना. वर्षाची फी? पहिलं वर्ष माफ. आणि दुसऱ्या वर्षी? मुलगी खाली बघून म्हणाली, लागते. मग बिनफीचं कुठलं हाय ते काढा. कार्डावर एटीएममधनं रोख काढली तर? त्याला बिनव्याजी दिवस नसतात, त्याच दिवसापासून व्याज. “मग त्ये दार आपल्याला बंद,” आक्का म्हणाली. मुलीनं शेवटचा डाव टाकला. थोडं वरचं कार्ड घेतलंत तर विमानतळावर फुकट जेवण.

“बाळ, जेवणाचीच भांडी भाड्यानं देतो आमी. मला आणि कोण जेवाय घालतंय?”

तिनं घेतलं ते सगळ्यात साधं, निळं, चित्रबित्र नसलेलं कार्ड. घरी जाऊन गोदामाच्या दारामागं खडूनं दोन तारखा लिहिल्या, बिलाची आणि भरायची. भरायची तारीख शुक्रवारी आली, की ती गुरुवारीच भरून मोकळी. कारण आमच्याकडे शुक्रवारी घरातून पैसा बाहेर जाऊ देत नाहीत, आणि दिवा लागल्यावर तर नाहीच. लक्ष्मी जाते. आक्का हे कसोशीनं पाळायची.

मीही पाळलं. त्याची हकिगत आक्काला कळू नये, एवढी माझी इच्छा होती. ती बायकोनं त्याच दिवशी फोनवरून मोडीत काढली. झालं असं, की माझ्या सोनेरी कार्डाची शेवटची तारीख शुक्रवारी आली. आईनं देवासमोर बसून सांगितलं, “उद्या सकाळी भर. एका दिवसानं बँक काय बुडत न्हाय.” मी शनिवारी अंघोळ करून, देवाला नमस्कार करून पैसे भरले. पुढच्या बिलात व्याज आलं. एका दिवसाचं असेल म्हणून मी हसलो. आकडा नीट वाचल्यावर हसू थांबलं. व्याज खरेदीच्या दिवसापासून लावलं होतं, सगळ्या रकमेवर.

पुढच्याच रविवारी आक्का हजर.

“काय वो पाव्हणं, लक्ष्मी घरातच हाय न्हवं? कुठं बसवलासा तिला? दाखवा की!”

मी विषय बदलायला म्हणून सांगितलं, की त्याच्या आधीच्या महिन्यात विमानाच्या कार्डावर मी नुसती ‘किमान रक्कम’ भरली होती आणि तेव्हा बँक काही बोलली नव्हती. मला वाटायचं, बँक आपली परिस्थिती ओळखून थोडक्यात भागवते.

आक्कानं कपाळावर हात मारला. “आवं, माझी परात भाड्यानं नेली आणि तिची कडी तेवढी परत आणून दिली, तर मी काय म्हणीन? ‘बरं झालं, सावकाश द्या’ असं म्हणीन. कशाला बोलीन? परातीचं भाडं रोजचं चालूच हाय की! गोड बोलणारं गिऱ्हाईक न्हवं, गोड बोलणारा दुकानदार वळखायला शिका.”

त्याच दिवशी तिनं माझं विमान आणि सोनं दोन्ही कात्रीनं कापायला लावलं. बाकी भरून घेतल्यावर, अर्थात. बॅगवालं राहिलं, कारण त्याला फी नव्हती. बॅगही राहिली. तिची चेन पहिल्याच प्रवासात गेली.

तर अशी ती लग्नसराई चालली होती. बिल निघालं, की दुसऱ्या दिवशी खरेदी. महिनाभर भांडी लग्नात फिरायची आणि भाडं यायचं. तारखेच्या आत बिल पुरं. व्याज शून्य. अण्णा दर महिन्याला सहज विचारल्यासारखं विचारायचे, “काय शालन, बँक काय म्हणतीय?” आणि आक्का तितक्याच सहज सांगायची, “तुमची आठवण काढतीय.”

शेवटी अण्णांच्याच मुलीचं लग्न निघालं. सराईतलं शेवटचं मोठं लग्न. पाहुणे पुण्याचे. अण्णा म्हणाले, “बुफे पाहिजे. गोल झाकणाची, खाली दिवा लावायची भांडी. तुझ्याकडं असली तर सांग, न्हायतर मी कोल्हापुरातनं मागवतो. भाडं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रोख.”

कोल्हापुरातून मागवतो म्हटल्यावर आक्का कुठली ऐकतेय? ती माझ्यासह बेळगावच्या बाजारात. दुकानदारानं भांडी झळकवून दाखवली आणि म्हणाला, “आक्का, कार्डावर घेताय तर बिनव्याजी हप्ते करून देतो. बारा महिने. व्याज काहीच नाही.”

“हप्ते न करता घेतलं तर सूट किती?”

त्यानं सूट सांगितली. चांगली होती.

“आणि हप्ते केल्यावर तीच सूट?”

“हप्त्याला सूट नाही बसत आक्का. आणि प्रोसेसिंगचे थोडे.”

“मग बिनव्याजी कसलं? व्याजाला ‘सूट बुडाली’ म्हणून हाक मारलासा, एवढंच.” तिनं एकरकमी कार्ड फिरवलं आणि बिलावरच्या सुटीला बोट लावून मला दाखवलं. त्या लग्नासाठी तिनं त्याच आठवड्यातली बाकी दोन लग्नं नाकारली होती. भांडी सगळी अण्णांकडे. म्हणजे बिल भरायला पैसा यायचा तो बहुतेक अण्णांकडूनच. मला ते जरा डोक्यात आलं. पण मी बोललो नाही. तीन कार्डांपैकी दोन कापलेल्या माणसानं काय बोलायचं?

लग्न दणक्यात झालं. पुण्याच्या पाहुण्यांनी बुफेची भांडी मोबाइलमध्ये टिपली. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. अण्णा म्हणाले, “घरचंच हाय गं, देतो की.” आठवडे गेले. बिल निघालं. भरायची तारीख आली ती नेमकी शुक्रवारी. आक्कानं आपल्याकडचं होतं नव्हतं ते खात्यावर टाकलं. अण्णांच्या भाड्याएवढंच कमी पडत होतं. बुधवारी अण्णा संकेश्वरला गेले. गुरुवारी म्हणाले, “उद्या नक्की.”

शुक्रवारी संध्याकाळी लग्नानंतरची लांबलेली पूजा होती, म्हणून आम्ही निपाणीला गेलो होतो. घर पाहुण्यांनी भरलेलं. मागच्या बाजूला सासूबाईंनी देवापुढं दिवा लावला, आणि तो लागतोय न लागतोय तोच अण्णा आत आले. हातात रुमालात गुंडाळलेले पैसे. त्यांनी ते आक्काच्या पुढ्यात ठेवले आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “घे शालन. मोजून घे. उशीर झाला जरा. आता शुक्रवार हाय, दिवा बी लागलाय. देवाजवळ ठेव. उद्या सकाळी भर निवांत.”

बायकोनं मला कोपर मारलं. मला पैशातलं उशिरा कळतं, पण हे लगेच कळलं. उद्या सकाळी म्हणजे व्याज. व्याज म्हणजे किल्ली. बँक बंद झालेली, पैसा रोख, आणि घरातून बाहेर काढायची सोय नाही. अण्णांनी खोटं काहीच केलं नव्हतं. पैसे दिले होते. पुरे दिले होते.

शालनआक्का पैशांकडे बघत होती, मग दिव्याकडे. तिचा त्या रिवाजावर खराच विश्वास होता. तो नसता तर गोष्ट सोपी होती.

मग तिनं खुंटीची पिशवी काढली आणि रुमाल तिच्यात टाकला.

“आगं, दिवा लागलाय!” अण्णा म्हणाले. “शुक्रवारचं लक्ष्मी बाहेर काढतीस घरची?”

“घरची?” आक्का उभी राहिली. “अण्णा, ही लक्ष्मी आपली कवा झाली? ही बँकेची हाय. दुसऱ्याची लक्ष्मी देवाखाली दाबून ठेवायची, आणि तिला आपली म्हणायची? मला कोण परात देत न्हाय तवा मी त्येच्या दारात जाऊन बसते. आज मीच ठेवून घेऊ व्हय?”

“लोक काय म्हणतील?”

“लोकास्नी सांगा, शालन परत द्यायला गेली.”

दारात पाहुण्या बायका उभ्या. कुणी वाट सोडेना. एक आत्याबाई हळूच पुटपुटल्या, “नवरा गेल्यावर अशी अवदसा आठवती.” आक्कानं ऐकलं. माझ्या बायकोनंही ऐकलं, आणि तिचा चेहरा बघून मी तिचा हात धरून ठेवला. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “शालन, थांब.”

आक्का थांबली.

“अनवाणी जाऊ नगंस. वाटेत फुटक्या बाटलीच्या काचा हायत. चपला घाल आणि लौकर जा.”

बायका बाजूला झाल्या.

मी सोबतीला. बँकेच्या बाहेर पैसे भरायचं यंत्र असतं, तिथं आम्ही पोचलो. आक्कानं नोटा सारख्या करून आत घातल्या. यंत्रानं त्या मोजल्या आणि आठ-दहा तोंडावर फेकल्या. पुन्हा घातल्या, पुन्हा फेकल्या. उजेडात धरून बघितल्या तेव्हा कळलं. अण्णांनी दिले होते ते लग्नातल्या आहेराचे पैसे. नोटांना हळद आणि कुंकू लागलेलं. यंत्राला ती नोट नोटच वाटत नव्हती.

आक्का पदरानं नोटा पुसायला लागली. हळद पुसून जाते काय? मी माझं पाकीट उलटं केलं. त्यातून निघालं ते सांगण्यासारखं नव्हतं. मागं एक टेम्पोवाला उभा होता. तो म्हणाला, “आक्का, तुमीच व्हय? आमच्या ताईच्या लग्नाची भांडी तुमचीच की. आना इकडं.” त्यानं आपल्या दिवसाच्या भाड्याचे पैसे काढले आणि हळदीच्या नोटा ठेवून घेतल्या. “मी उद्या डिझेल घालतो. पंपावरचं पोरगं हळद बघत न्हाय.”

यंत्रानं सगळ्या गिळल्या. आक्कानं तिथंच फोनवरून बिल भरलं. मेसेज आला. तो तिनं एकदा मनात वाचला, एकदा मला ऐकवला आणि एकदा टेम्पोवाल्याला. मग बाहेर रस्त्यावर येऊन, कुणाला उद्देशून नाही असं, जोरात म्हणाली, “भरलं! पुरं भरलं!”

घरी अण्णा दारातच होते. आक्कानं त्यांच्यासमोर फोन धरला. त्यांनी चष्मा शोधला, मिळाला नाही, तरी वाचल्यासारखं केलं. रोज संध्याकाळी आक्का गोदामाची किल्ली सासूबाईंकडे परत द्यायची. त्या दिवशीही ती कनवटीची किल्ली काढून पुढे गेली. सासूबाईंनी हात पुढे केला नाही. “आसू दे तुझ्याकडं,” म्हणाल्या, आणि दिव्याची वात सारखी करायला लागल्या.

आक्कानं किल्ली परत कनवटीला लावली. डोळ्यात पाणी होतं. आम्हाला वाटलं, आता तरी काही बोलेल. ती अण्णांकडे वळली.

“अण्णा, भाडं मिळालं. बुफेचं एक झाकण न्हाय आलं. परत कवा?”

सोप्यात पहिल्यांदा हसल्या त्या पुटपुटणाऱ्या आत्याबाईच.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी तिला देवापुढं हात जोडून उभी पाहिली. हळू आवाजात म्हणत होती, “काल बाहेर धाडली तुला. राग आला असंल तर आला. आपली असतीस तर न्हाय धाडलं.” नमस्कारही केला, पण वाकून नाही.

लक्ष्मीला राग आला असं काही नंतर दिसलं नाही. गोदामात भांडी वाढली. अण्णांचा तंबाखूवाला दुसरीकडे गेला. पुढच्या वर्षी अण्णांनी स्वतः मला फोन करून चोरून विचारलं, की बिलाची तारीख आणि भरायची तारीख यात फरक काय असतो. मी आक्काचा नंबर दिला. ते म्हणाले, तो आहे माझ्याकडे.

आक्का आता नाही. हृदयाचं दुखणं होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. एका दुपारी गोदामातच, भांडी मोजताना ती गेली. त्याच्या थोडं आधी माझ्या मुलीचं लग्न झालं. मला ती आठवते ती त्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची.

काकतीजवळचं कार्यालय. भांडी अर्थातच आक्काची. भाडं तिनं माझ्याकडून पूर्ण घेतलं, “घरचंच” हा शब्द मी उच्चारायच्या आत. आणि त्याच्या दुप्पट आहेर केला, तो आम्ही घरी आल्यावर पाकीट उघडून पाहिला. सकाळी टेम्पोत भांडी चढली आणि मोजणीत एक लांब दांड्याची पळी कमी आली. आक्का कार्यालयाच्या पायरीवर बसली.

“पळी मिळाल्याबिगर मी हलत न्हाय.”

“आक्का, एक पळीच की. मी नवीन घेऊन देतो,” मी म्हणालो.

“नवीन तुमच्या घरात ठेवा. मला माझी पाहिजे.”

आचारी शोधायला लागला, बायको शोधायला लागली, लग्न लागलेला जावईसुद्धा खुर्च्यांखाली वाकून बघायला लागला. पळी शेवटी सापडली ती माझ्या स्कूटरवर, पायाशी ठेवलेल्या पिशवीखाली. रात्री शेजाऱ्यांना बासुंदी पोचवताना मीच ती पातेल्यातून उचलून नेली होती. आक्कानं ती माझ्या हातातून घेतली, दांड्यावरचं आपलं नाव वाचलं आणि पेर मारून आवाज ऐकला. माझ्याकडे नुसतं बघितलं. एवढ्या वर्षांनी ती मला काय म्हणणार, ते तिला बोलावं लागत नव्हतं.

मग ती टेम्पोत पुढं चढून बसली. मागं भांडी गच्च, पळीला जागा उरली नव्हती. तिनं ती खिडकीतून बाहेर, उभी धरली. टेम्पो हायवेला लागला, निपाणीच्या बाजूला वळला. मागून ट्रक हॉर्न वाजवत होते. उन्हात ती पळी बेळगावच्या चौकातल्या राणीच्या पुतळ्याच्या तलवारीसारखी चमकत, सरळ उभी चालली होती. हत्तरगीच्या टोलनाक्यापर्यंत तरी तिनं ती आत घेतली नसणार, याची मला खात्री आहे.